गच्ची गळते, त्याला कोर्बुझिए काय करणार?

गेल्या महिन्यात या सदरात मी एक चूक केली. विसाव्या शतकातली आधुनिक चित्रं, इमारती, वस्तू यांबद्दल काहीही विचारा, असं लिहून बसले. पुण्याच्या माणसाला ‘काहीही विचारा’ असं म्हणू नये. पत्रांचा गठ्ठा आला आणि त्यातली निम्मी पत्रं म्हणजे प्रश्न नव्हेत, तक्रारी आहेत. तक्रारींनाच आधी हात घालते.

प्रश्न : तुम्ही आर्किटेक्ट लोक ल कोर्बुझिए या फ्रेंच आर्किटेक्टचं नाव निघालं की कानाला हात लावता. सपाट छपराचं खूळ त्यानंच आणलं ना? आमची सोसायटी १९७४ ची. गच्ची दर पावसाळ्यात गळते. आतापर्यंत तीनदा वॉटरप्रूफिंग झालं. वाईला आमच्या आजोळी कौलारू घर होतं, ते शंभर वर्षांत गळलं नाही. यावर आपलं काय म्हणणं आहे?
— त्रस्त सेक्रेटरी, सहकारनगर

शंभर वर्षांत गळलं नाही हे ऐकून घेते, मानत नाही. दर मे महिन्यात कुणीतरी शिडी लावून वर चढत असणार, माकडांनी फोडलेली कौलं बदलत असणार, पन्हळीतला कचरा काढत असणार. तुमच्या आजोळी घर शाकारायची रीत होती. सोसायटीत ती नाही. सोसायटीत गळायला लागल्यावर मीटिंग होते.

आता कोर्बुझिए. तुमचा राग अगदीच अस्थानी नाही. पॅरिसजवळ प्वासी या गावी त्यानं १९२८ ते १९३१ या काळात साव्हॉय कुटुंबासाठी एक घर बांधलं. बारीक खांबांवर उचललेली पांढरी पेटी, भिंतभर आडवी खिडकी, वर बाग. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला हे घर दाखवल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नाहीत. घर उभं राहिल्यावर त्यानं मालकीणबाईंना सुचवलं, की खालच्या हॉलमध्ये एक वही ठेवा, बघायला येणारी बडी मंडळी त्यात सह्या करतील. बाईंची पुढची पत्रं मात्र सह्यांबद्दल नाहीत. हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पडतोय, गॅरेजची भिंत भिजून गेलीय, छताच्या खिडकीतून न्हाणीघरात पाणी येतंय, असं त्यांनी १९३६ मध्ये त्याला कळवलं. मग महायुद्ध आलं आणि कुटुंब घर सोडून गेलं. पुढे गावानं तिथं शाळा बांधायचं ठरवलं, घर पाडायची वेळ आली, जगभरातून ओरडा झाला आणि १९६५ मध्ये फ्रान्सनं ते वारसा म्हणून जाहीर केलं. जगातलं हे सर्वांत नावाजलेलं गळकं घर आता युनेस्कोच्या यादीत आहे.

मी हसत नाही, कारण माझी स्वतःची गोष्ट याहून वाईट आहे. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावरचा पहिला बंगला. एकसंध सपाट गच्ची, कठड्याला कुठं भोक नाही, पाणी जायला कोपऱ्यात एकच तीन इंची पाइप. समोरून रेषा कशी स्वच्छ दिसली पाहिजे! जुलैतल्या एका रात्री साडेअकराला मालकांचा फोन. गेले. गच्चीवर घोट्यापर्यंत पाणी, ते जिन्याच्या दारावरून खाली उतरत होतं आणि जिन्याखाली त्यांनी देवघर केलं होतं. चपला हातात धरून मी कोपऱ्यापर्यंत गेले, पाण्यात हात घातला, तर शेजारच्या शेवग्याची पानं आणि त्यांच्या मध्ये बूच मारल्यासारखा बसलेला टेनिस बॉल. बॉल उपटला तेव्हा पाणी जे घोरत निघालं, तो आवाज अजून कानात आहे. मालक काही बोलले नाहीत. त्यांच्या आई म्हणाल्या, “देवांना अभिषेक झाला, आता आम्हाला चहा तरी करू द्या.” त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गच्चीला दोन पाइप आणि वरच्या अंगाला कठड्यातून बाहेर आलेली एक पन्हळ. समोरून रेषा बिघडते. बिघडू दे.

तुमच्यासाठी दोनच गोष्टी सांगते. तीनदा वॉटरप्रूफिंग केलंत, त्यात आधीचा ब्रिकबॅट कोबा फोडून काढला का, की थरावर थर दिला? विटांचे तुकडे आणि सिमेंटचे असे तीन थर म्हणजे स्लॅबवर केवढं ओझं, ते एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मोजून घ्या. दुसरं म्हणजे मोठा पाऊस थांबल्यावर तासाभरानं खडू घेऊन वर जा आणि जिथं पाणी साचलंय तिथं कडेनं रेघ मारा. मीटरला सेंटिमीटरभर उतार मिळाला असेल तर रेघ मारायला जागाच सापडणार नाही. सापडली, तर पुढच्या कंत्राटदाराला आधी ती रेघ दाखवा. भिंत आणि गच्ची जिथं मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा, म्हणजे वाटा, फुटलाय का, तेही बघा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच घुसतं आणि दोष मधल्या स्लॅबला लागतो.

प्रश्न : माळा आवरताना आजोबांची एक खुर्ची सापडली. लोखंडी नळीची, मागे पाय नाहीत, बसलं की थोडी झुलते. बैठकीचं कापड फाटलंय. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो ‘डिझाइन पीस’ आहे, ठेवू या. घरात जागा नाही. काय करावं?
— एक वाचक, सदाशिव पेठ

मुलाचं ऐका. एरवी मी असं सांगत नाही.

मागे पाय नसलेली ही खुर्ची १९२६-२७ च्या सुमारास युरोपात जन्मली. मार्ट स्टाम या डच आर्किटेक्टनं तिचा पहिला नमुना केला, मग अनेकांनी आपापल्या परीनं केला. नळीच्या फर्निचरची सुरुवात त्याच्या थोडी आधी, १९२५ मध्ये, जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या मार्सेल ब्रॉयरनं केली होती. त्याला ते सुचलं सायकलच्या हँडलवरून. एवढी पातळ नळी इतकी वाकते आणि तरी माणसाचा भार घेते, मग तिची खुर्ची का नको? सायकलींच्या पुण्यात हे कुणाला सुचलं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. किर्लोस्करवाडीला मात्र लोखंडी फर्निचर बनू लागलं होतं आणि आपल्याकडच्या शिकलेल्या घरांत ते मानानं मिरवत होतं. तुमची खुर्ची तिथली की कुठल्या स्थानिक कारखान्यातली, हे पत्रावरून सांगता येत नाही. खुर्ची उलटी करा. बैठकीच्या खाली पट्टी, ठोकलेला शिक्का, नंबर असं काही दिसतं का ते ओल्या फडक्यानं पुसून बघा. घासू नका. मग वळणावरून बोट फिरवा. चांगल्या कामात वळणावर नळी चपटी होत नाही. वाकवण्याआधी आत वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं बंद करतात, तापवतात आणि मग वळवतात. वाळू नसली की वळणाच्या पोटाला सुरकुती पडते. तुमच्या खुर्चीला सुरकुती नसेल, तर करणारा माणूस जाणकार होता.

भंगाराचं म्हणाल तर चंदीगडची गोष्ट सांगते. कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जनरे त्या शहराच्या कामासाठी पन्नाशीच्या दशकात आला आणि १९६५ पर्यंत राहिला. सरकारी कचेऱ्यांसाठी त्यानं आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या केल्या, पाय उलट्या व्हीसारखे. त्या हजारोंनी बनल्या. पुढे कचेऱ्यांत फिरत्या खुर्च्या आल्या आणि या गच्च्यांवर ढीग लावून पडल्या, लिलावात मातीमोल गेल्या. परदेशी दलालांनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांच्या भावानं विकल्या. गंमत म्हणजे पाठीवर रंगवलेलं खात्याचं नाव आणि नंबर पुसलेला नसेल तर किंमत जास्त! तुमच्या खुर्चीला लाख येणार नाहीत. पण कापड बदलायला फार खर्च नाही, आणि झुलत्या खुर्चीत बसून पेपर वाचायला जागा लागते ती दोन फूट बाय अडीच फूट. सदाशिव पेठेत तेवढी निघेल.

दुरुस्ती

नळस्टॉपच्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर (अजून मिळतात!) कळवलं, की बाउहाउस ‘शेवटपर्यंत वायमारला होतं’ हे मागच्या अंकातलं वाक्य चूक आहे. चूकच आहे. वायमारला १९१९ मध्ये सुरू, १९२५ मध्ये डेसाऊला, १९३२ मध्ये बर्लिनला, आणि १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद. चुकीची भरपाई म्हणून एक माहिती देते : बाउहाउसच्या चित्रकारांचं काम आपल्याकडे १९२२ मध्येच येऊन गेलं होतं. कलकत्त्याच्या प्रदर्शनात कँडिन्स्की आणि क्ले यांची चित्रं गगनेंद्रनाथ टागोरांच्या चित्रांबरोबर लागली होती. म्हणजे ‘आपण पन्नास वर्षं मागे’ हे जे आपण उठसूट म्हणतो, ते दर वेळी खरं नसतं.

प्रश्न : माझं वय ८३. सासूबाई चुलीपुढे पाटावर बसून स्वैपाक करायच्या, मीही पहिली काही वर्षं तसाच केला. मग नव्या जागेत उभ्याचा ओटा आला. सगळे म्हणाले, सुधारणा झाली. माझे गुडघे तेव्हापासून दुखतात. हा ओटा काढला कुणी?
— एक आजी, कर्वेनगर

तुम्हाला एकच नाव हवं असेल तर देते, पण सगळा दोष तिच्या माथी मारू नका. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की. व्हिएन्नाची, १८९७ चा जन्म, ऑस्ट्रियातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्टांपैकी एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती, तेव्हा फ्रांकफुर्ट शहरानं कामगारांसाठी हजारो घरं बांधायला काढली. त्यांचं स्वयंपाकघर हिनं १९२६ मध्ये आखलं. साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात एवढ्याशा जागेत शेकडो लोकांचं जेवण होतं, मग घरात का नाही, असा तिचा विचार. पिठं-साखर-तांदळासाठी नावं लिहिलेले अॅल्युमिनियमचे खण, वर सरकता दिवा, भिंतीतून उघडणारी इस्त्रीची फळी आणि फिरतं स्टूल. स्टूल लक्षात ठेवा, त्याकडे परत येते. बाई किती पावलं चालते ते मोजून मांडणी केली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आणि पुढे बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की हे आखण्याआधी मी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता!

तिथल्या बायकांच्याही तक्रारी होत्या. जागा एकीपुरतीच, दुसरी मदतीला आली की धक्के. मूल कुठं ठेवायचं? आपल्याकडे तर स्वयंपाकघरात पंगत बसायची, कुणी भाजी निवडायची, कुणी अभ्यास करायचं. ते सगळं जमिनीवर चालायचं, म्हणून चूलही जमिनीवर. नळ आला, स्टोव्ह आला, मग गॅस आला, तशी शेगडी वर चढली. ती फ्रांकफुर्टहून थेट पुण्याला आली असं काही नाही. पण ‘स्वयंपाक हे काम आहे, त्याची जागा मोजून आखली पाहिजे’ हा विचार त्या काळात सगळीकडे पसरला, आणि सरकारी वसाहतींच्या नकाशांतून तो आपल्या घरांत शिरला.

आमच्याकडे तो पुराच्या पाण्याबरोबर आला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नारायण पेठेतला आमचा वाडा बसला. मी आठ वर्षांची. दोन वर्षं नातेवाइकांकडे काढली आणि मग एका वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. तिथं ओटा होता, काळ्या कडप्प्याचा. आईनं पहिल्या दिवशी काय केलं असेल? ओट्यावर पाट ठेवला, वर चढली आणि मांडी घालून बसली. पुढ्यात स्टोव्ह, डोकं छताच्या बाजूला. आम्ही भावंडं खाली उभी राहून वर बघत होतो, देवीपुढे बघावं तशी. दोन-तीन दिवस असं चाललं. मग दूध उतू गेलं, ते पुसायला उतरायला लागलं, परत चढायला लागलं, आणि ती कंटाळून उभी राहिली. पण आई चार फूट दहा इंच आणि ओटा आखणाऱ्या साहेबाच्या मापाचा. पोळी लाटताना तिचे खांदे कानाला लागायचे. शेवटी तोच पाट खाली आला आणि ती त्यावर उभी राहू लागली. पुढची बावीस वर्षं. पाटाला दोन पावलांच्या जागी खळगे पडले होते, डावा जरा खोल. तो पाट माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांना मी कोर्बुझिएचे खांब दाखवायच्या आधी तो दाखवत असे.

तर आजी, ओटा मोजून घ्या. स्वयंपाकाच्या जागी चप्पल न घालता उभ्या राहा, हात कोपरात वाकवा. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओट्याची कड हवी. पोळ्या लाटायला आणखी थोडी खाली. जास्त उंच असेल तर ओटा फोडायला नको, पायाखाली घट्ट बसणारी, न डुगडुगणारी फळी घ्या. आणि ते फिरतं स्टूल. बसून भाजी चिरायची, बसून पोळ्या लाटायच्या, ही सोय मुळात त्या आराखड्यातच होती. आपण ओटा घेतला आणि स्टूल विसरलो. सुनेला सांगून एक उंच स्टूल मागवा. गुडघे त्यानं बरे होतील असं मी म्हणत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

प्रश्न : वासुदेव गायतोंडे यांची चित्रं कोट्यवधींना जातात. त्यात काही दिसत नाही. माझी सात वर्षांची नातसुद्धा असं काढेल.
— निवृत्त बँक अधिकारी, औंध

यात प्रश्न नाही, पण उत्तर देते. काढू द्या नातीला. एक कागद द्या, रंग द्या, वर एक अट : हात लावल्यासारखा दिसता कामा नये. गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि चाकू जास्त वापरत. रंगाचा थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, वाळू द्यायचं, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी होत. नागपूरचा १९२४ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. मधून १९४८ ला बाहेर पडले, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. कोटींचे आकडे त्यांच्या हाती आले नाहीत. किमतीचा राग चित्रावर काढू नका. तुम्ही बँकेत होतात, किंमत आणि मोल यांतला फरक मी तुम्हाला काय सांगावा!

प्रश्न : मी इंटिरिअरच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी ‘आयुका बघून या आणि दोन पानं लिहा’ असं सांगितलंय. नेटवर फोटो पाहिले. वेगळं काय बघायचं?
— विद्यार्थिनी, कोथरूड

फोटो पाहिलेस, हेच आधी विसर. विद्यापीठाच्या आवारात आहे, बस जाते. आत जायचं तर आधी रीतसर परवानगी विचार.

आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र, १९८८ मध्ये स्थापन झालं. जयंत नारळीकर पहिले संचालक, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. प्रवेशाजवळची भिंत हाताच्या अंतरावरून बघ. खाली आपला काळा बसाल्ट, खडबडीत. त्यावर कडप्पा, आणखी काळा. अगदी वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. काळ्यावर काळं, त्यावर काळं, आणि शेवटी भिंत संपते कुठं आणि आकाश सुरू होतं कुठं ते कळेनासं होतं. हे फोटोत येत नाही, कारण कॅमेरा एकच काळा धरतो. दुपारी बाराला आणि संध्याकाळी साडेपाचला, दोन्ही वेळा बघ.

मग मधल्या कुंडात उतर. कुंड म्हटल्यावर तुला देवळापुढचं आठवेल. कोरियांनाही तेच आठवत होतं. चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. त्यांच्याबरोबर सेल्फी काढलास तरी चालेल, पण नंतर पायरीवर पाच मिनिटं बस आणि मान न वळवता आवाज ऐक. दुसऱ्या एका चौकात त्रिकोणात त्रिकोण, त्यात त्रिकोण अशी फरसबंदी आहे, सिरपिन्स्की या गणितज्ञाच्या आकृतीची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही बघ. कोर्बुझिएच्या पिढीला जुनं पुसून कोरी पाटी हवी होती. कोरिया त्याच आधुनिकतेत शिकले आणि नंतर त्यांनी पाटीवर कुंड काढलं, चौक काढला. दोन पानांत हे एवढं जरी लिहिलंस, तरी सर खूष होतील. नाही झाले तर मला कळव.

जाता जाता : बाळकृष्ण दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ चा, फर्निचरचा धंदा असलेल्या घरातला. पॅरिसला कोर्बुझिएच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादला गेले आणि २०१८ मध्ये आर्किटेक्चरमधला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. आपण पुणेकर कशाकशाचा अभिमान बाळगतो, याचा मात्र विसर पडतो.

प्रश्न : प्रभात रोडच्या एका गल्लीत आमचा १९४० च्या आसपासचा बंगला आहे. गोल बाल्कनी, खिडक्यांवर लांब छज्जे, गजांत उगवता सूर्य, आत मोझॅकची फरशी. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. बिल्डर म्हणतात ‘जुनाट’, भाचा म्हणतो ‘आर्ट डेको’, शेजारी म्हणतात ‘मॉडर्न’. नक्की काय? आणि तोवर फरशी काळवंडली आहे, ती अॅसिडनं साफ करावी का?
— तीन भावंडं, एक सही

तिघांपैकी भाचा जास्त बरोबर आहे. आर्ट डेको हे नाव पॅरिसच्या १९२५ च्या शोभेच्या कलांच्या प्रदर्शनावरून पडलं. गंमत बघा, त्याच प्रदर्शनात कोर्बुझिएनंही एक कोरडंठाक, नक्षीविरहित घर उभं केलं होतं, आणि आयोजकांना ते इतकं खटकलं की त्यांनी त्याच्यापुढे उंच कुंपण घातलं. म्हणजे डेको आणि मॉडर्न ही सख्खी भावंडं नव्हेत, एका मांडवात आलेले दोन व्याही. डेकोला वेग आवडायचा, जहाज आवडायचं, उगवता सूर्य आवडायचा. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या बाजूनं जे आहे, ते २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पुण्यात ते गल्लीगल्लीतून सुटं सुटं आहे आणि यादीत नाही, म्हणून एकेक करत जातंय.

छज्जांबद्दल थोडं. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या आर्किटेक्टनं नक्षीला गुन्हा ठरवलं होतं. त्यानं राजवाड्यासमोर १९१० च्या सुमारास नक्षी नसलेली इमारत बांधली, तर लोक तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणू लागले, कारण खिडक्यांवर काहीच नव्हतं. पुण्यात ही भुवई काढून बघा! पहिल्याच आडव्या पावसात गादी भिजते. तुमचे लांब छज्जे दिसतात शोभेचे, पण ती छत्री आहे. नव्या टॉवरांच्या नकाशात मी ती शोधते, सापडत नाही. तुमच्या बिल्डरांना विचारा, खिडकीवर काय आहे? ‘काच’ असं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पाडायचं की ठेवायचं, हे मी तीन भावंडांना पत्रातून सांगणार नाही. मात्र काहीही ठरलं तरी आधी घराचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा, आणि गज, दारं, मुठी कापून नव्हे तर काढून ठेवा. महापालिकेत जुना मंजूर नकाशा मिळतो का ते बघा. त्यावर आर्किटेक्टची सही असेल, ती कुणाची हे मलाही बघायचं आहे.

फरशीला मात्र घाई आहे. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ. अॅसिड पडलं की फसफसतो आणि झिजतो. बाथरूमचं अॅसिड ओतलंत तर काळपटपणा जाईल, त्याबरोबर चकाकीही जाईल, आणि खड्डे पडलेल्या फरशीत पुढच्या महिन्यात दुप्पट मळ बसेल. कोकम सरबत सांडून रात्रभर राहिलं तरी पांढरट वर्तुळ उठतं, ते तुमच्याकडे जेवणाच्या टेबलाखाली असणारच, बघा. एक कोपरा निवडा, कपाटाखालचा. साबणाच्या कोमट पाण्यानं तळहाताएवढी जागा घासा आणि वाळू द्या. खालून लाल, पिवळे, काळे तुकडे वर आले तर फरशी जिवंत आहे. वरचा थर साधारण पाव इंचाचा असतो, म्हणजे दगडाचं मशिन फिरवून पॉलिश करायला भरपूर वाव आहे. पॉलिशवाल्याला आधी त्याच कोपऱ्यात करून दाखवायला सांगा, आणि दगड खरखरीतपासून बारीकपर्यंत क्रमानं लावतोय ना, हे शेजारी उभं राहून बघा. मधला दगड वगळायची त्यांना सवय असते. पाणी भरपूर उडतं, तेव्हा पुस्तकांच्या कपाटाला आधी प्लास्टिक लावा.